यशोधराची गाडीतली खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. पण मला चार पाय नाहीत, आणि अंगणात टाकून माझ्यावर कुणी चहा पीत बसत नाही. मोटारीच्या मागच्या सीटवर मला पट्ट्याने आवळून बांधतात आणि माझ्यात लहान लेकरू बसवतात. लेकराच्या दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून माझे पट्टे येतात आणि पोटाशी एका खटक्यात अडकतात. एवढंच माझं काम. ते मी केलं, आणि असं केलं की आदिलाबादच्या टॅक्सी स्टँडवर अजून त्याच्या गोष्टी चालतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. जाड प्लॅस्टिकचं अंग, वर निळ्या कापडाची गादी. मस्कतच्या एका दुकानात मी काचेमागे बसले होते, तेव्हा राहीबाईंनी मला पाहिलं. राहीबाई तिथल्या दवाखान्यात नर्स. अपघातात सापडलेली लहान मुलं त्यांच्या वॉर्डात येत. आईच्या मांडीवरून उडालेली, पुढच्या काचेवर आपटलेली. त्यांना टाके घालताना राहीबाईंना आपल्या भावाची मुलगी आठवे. सुट्टीवर निघताना इतर बायका सोनं बघत होत्या, साड्या बघत होत्या. राहीबाईंनी मला उचललं.

विमानाने मुंबई, मग आगगाडी, मुदखेडला गाडी बदलून आदिलाबाद. स्टेशनवर राहीबाईंचा भाऊ दौलत आपली अंबॅसिडर घेऊन आला होता. ती त्याची स्वतःची टॅक्सी. खोक्यातून मला काढल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"ताई, हे काय आनलं वं? लेकरायची दाढी करायची खुर्ची हाय काय?"

"यशोसाठी हाय. गाडीत हिच्याशिवाय तिले बसवायचं नाई."

"माझ्या गाडीत माझीच पोरगी बांधून ठेवू?"

"हो. बांधूनच ठेव."

यशो म्हणजे यशोधरा, दौलतची लेक. तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिची आई ताराबाई मराठी शाळेत शिक्षिका. त्या घरात कुणाचाही शब्द आंधळेपणाने ऐकायची पद्धत नव्हती. ताराबाईंनी राहीबाईंना समोर बसवून सगळं विचारलं. पट्टे कशाला, खटका कसा निघतो, लेकरू रडलं तर काय करायचं. राहीबाईंनी त्यांच्या वॉर्डातल्या मुलांबद्दल सांगितलं, फार नाही, थोडंच. ताराबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "ताई, उद्याच बसवून घेऊ."

अडचण अशी होती की अंबॅसिडरच्या मागच्या सीटला पट्टाच नव्हता. नुसतं मला सीटवर ठेवून उपयोग नाही, मी लेकरासकट उडून जाईन. राहीबाईंनी येताना गाडीचा पट्टाही आणला होता. दुसऱ्या दिवशी कादर मिस्त्रींच्या गॅरेजात त्यांनी स्वतः उभं राहून काम करून घेतलं. पट्ट्याचे बोल्ट गाडीच्या तळाला भोक पाडून, खालून जाड लोखंडी पट्टी लावून कसायचे होते.

"बाजी, इत्तीसी बच्ची है, कायकू जकडना उसको?" कादर मिस्त्री राहीबाईंना हसत म्हणाले.

"कसो चाचा, अच्छा कसो," राहीबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी पट्टा धरून सगळा जोर लावून ओढून पाहिला. गाडी हलली, पट्टा हलला नाही.

राहीबाई मस्कतला परत गेल्या आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. ती होती दौलतची आई, बयनाबाई.

बयनाबाईंनी उभं आयुष्य लोकांच्या शेतात कापूस वेचला होता. पाठीशी लेकरू बांधून वेचला होता. त्यांचं लेकरू कधी त्यांच्या अंगापासून लांब गेलं नाही. आणि इथे त्यांची नात त्यांच्या शेजारी, पण त्यांच्या मांडीवर नाही! माझ्यावर त्यांचा जो राग होता, तो मी विसरू शकत नाही. जाता येता मला पायाने सरकवत. "आजीची मांडी काय काटेरी हाय काय?" असं म्हणत.

यशोलाही मी सुरुवातीला आवडले नाही. कमान करून ती माझ्यातून निसटायला बघे, किंचाळे, लाथा झाडी. ताराबाई तिच्याशी न चिडता बोलत. खटका लागल्याशिवाय दौलतला गाडी सुरू करू देत नसत. भाड्याचे प्रवासी असले की मला डिकीत जावं लागे; घरची माणसं बसली की मी पुन्हा सीटवर. हळूहळू यशोला कळलं, की माझ्यात बसलं की खिडकीतून बाहेरचं दिसतं. बैल दिसतात, माकडं दिसतात. मग ती स्वतःच हात वर करून उभी राहू लागली. खटका लागला की म्हणे, "कट्!" आणि मग बापाला हुकूम सोडे, "चला आता."

मला तो "कट्" फार आवडायचा.

पंच्याण्णव साल उजाडलं. संक्रांत झाली होती. ताराबाईंच्या भावाचं लग्न होतं, इंद्रवेल्लीच्या पुढच्या गावात. सकाळी सगळे निघाले. दौलत गाडी चालवत होता, त्याच्या शेजारच्या सीटवर आहेराचं सामान. मागे एका खिडकीशी ताराबाई, दुसऱ्या खिडकीशी बयनाबाई आणि मधे मी, माझ्यात यशो, नव्या झग्यात.

गुडीहत्नूर गेलं. गाडी इंद्रवेल्लीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी सागाचं रान, वाळलेली मोठमोठी पानं रस्त्यावर आलेली. यशोला झोप येत होती. झोप आली की ती चिडे. रडू लागली. नव्या झग्याची किनार तिला टोचत होती.

"सोड न वं तिले," बयनाबाई म्हणाल्या. "लगनाले चाललो का तुरुंगात? दे इकडं मांडीवर. निजन घडीभर."

"आत्याबाई, थोडं थांबा. पोचलोच आता."

"लेकरू रडून रडून लाल झालं. तुले मायाच नाई काय?"

हे ताराबाईंना लागलं. मला कळलं, कारण त्यांचा हात माझ्या खटक्यावर आला. अंगठा लाल बटणावर टेकला. यशोने रडणं थांबवून आईकडे पाहिलं. दौलत आरशातून बघत म्हणाला, "दे न मायजवळ. काय होते?"

त्या क्षणाला मी काहीच करू शकत नव्हते. मला तोंड असतं तर ओरडले असते.

ताराबाईंनी अंगठा काढला. यशोच्या झग्याची टोचणारी किनार पट्ट्याखालून सोडवली, तिथे आपला रुमाल घडी करून घातला आणि म्हणाल्या, "माया हाय म्हूनच नाई सोडत."

बयनाबाई तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागल्या.

पुढे वळण होतं. वळणावर कापसाने शिगोशीग भरलेला एक ट्रॅक्टर समोरून येत होता, आणि त्याच्या मागून एक लॉरी त्याला ओलांडायला बाहेर पडली. पूर्ण आमच्या बाजूला. दौलतने गाडी डावीकडे खेचली. लॉरी घासून गेली. आमची गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि पुलाच्या दगडी कठड्यावर जाऊन आदळली.

गाडी थांबली, पण गाडीतलं कुणीच थांबलं नाही. आहेराची भांडी उडाली. दौलत स्टिअरिंगवर गेला. ताराबाईंचं कपाळ पुढच्या सीटच्या लोखंडावर आपटलं. बयनाबाई जागेवरून उचलल्या गेल्या आणि दोन्ही सीटांच्या मधे कोंबल्यासारख्या जाऊन पडल्या. यशोही पुढे निघाली होती. तेवढंसं लेकरू, पण त्या घडीला तिचा भार भरल्या पोत्यासारखा माझ्यावर आला. माझे पट्टे ताणले गेले. कादर मिस्त्रींनी कसलेला तो पट्टा मला मागे ओढून धरत होता आणि मी यशोला. माझ्या अंगात कुठेतरी काहीतरी उललं. उलू दे म्हटलं. मी सोडलं नाही.

मग एकदम सगळं शांत झालं. कुठलं तरी ताट बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि पडलं.

ट्रॅक्टरवाले माणिकराव उडी टाकून धावत आले. त्यांनी दार ओढून उघडलं. ताराबाईंच्या डोळ्यांवर रक्त आलेलं, त्यांना काही दिसत नव्हतं. त्या नुसतं हवेत हात फिरवत म्हणत होत्या, "माझी पोरगी... माझी पोरगी कुठं हाय?"

माणिकराव वाकले. अपघातात लेकरं खाली, सीटच्या बुडाशी सापडतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते भांडी बाजूला सारत खाली शोधू लागले. "लेकरू खाली हाय काय? बाई, हात काढा, खाली पाहू द्या मले!"

तेव्हा वरून आवाज आला.

"मी इथं हावो."

माणिकरावांनी मान वर केली. यशो आपल्या जागेवर बसलेली होती. डोळे मोठे झालेले, एक चप्पल उडालेली, बाकी जशीच्या तशी. तिने त्या अनोळखी माणसाला विचारलं, "गाडी काऊन थांबली?"

 माणिकराव हसू लागले आणि हसता हसता रडू लागले. "बाई, पोरगी बोलून राह्यली! पोरगी बसून हाय!"

मला आणखी काय हवं होतं?

सगळ्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. दौलतच्या छातीची हाडं दुखावली होती, ताराबाईंच्या कपाळाला टाके पडले, बयनाबाईंचा हात मोडला. यशोला वरून काही लागलेलं दिसत नसलं तरी डॉक्टरांनी तिलाही नीट तपासलं. तिच्या दोन्ही खांद्यांवर माझ्या पट्ट्यांचे लाल वळ होते. बाकी काही नाही. बयनाबाईंनी प्लॅस्टरमधला हात गळ्यात बांधून त्या वळांकडे पाहिलं. त्यांना आपली जागा आठवली असणार. दोन सीटांच्या मधली ती फट, आणि यशो जिच्यावर निजली असती ती मांडीही त्याच फटीत.  घरी आल्यावर मला ओसरीत ठेवलं होतं, तिथे येऊन त्यांनी चांगल्या हाताने माझ्यावरची धूळ पुसली.

बातमी गावभर झाली. लोक मला बघायला येऊ लागले. एक बाई हळदीकुंकू घेऊन आल्या आणि माझ्यासमोर वाकायला लागल्या. बयनाबाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं.

"तिच्या पाया कायले पडता? ते खुर्ची हाय. दोन बायकायनं डोकं वापरलं म्हून माझी नात वाचली. मी त ऐकत नव्हतो. तुमी ऐका."

मी आयुष्यात मिळवलेला सगळ्यात मोठा मान तो. हळदीकुंकवापेक्षा मोठा.

आता पुढचं ऐका, कारण माझी खरी गोष्ट अपघाताने संपत नाही.

मी वरून धड होते. कापड फाटलं नव्हतं, खटका लागत होता. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा दौलतने मला पुन्हा सीटवर ठेवायला उचललंही. पण ताराबाईंचं मन मानेना. त्या एसटीडी बूथवर गेल्या आणि मस्कतला फोन लावला. परत आल्या त्या सरळ माझ्याकडे.

"ताई म्हनते, हिच्यात आता कोनालेच बसवायचं नाई. अपघातात हिनं सारा मार अंगावर घेतला. दिसत नाई, पन आतून गेली असन. दुसऱ्या खेपेले टिकनार नाई. ताई नवी पाठवून राह्यली."

"एवढी चांगली खुर्ची?" दौलत हळहळला.

"चांगली होती म्हून तर गेली."

आणि नेमके दोन दिवसांनी भैंशाहून उद्धवराव आले. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. घरच्या मोटारीशिवाय आदिलाबादला आले की दौलतचीच गाडी लावायचे. गाडीच्या दुरुस्तीलाही त्यांनीच हात दिला होता. बरोबर त्यांची सून रुख्मिणी, तिच्या कडेवर तिचा मुलगा. उद्धवरावांच्या घरी मोटार होती आणि नातवाला घेऊन त्यांचं निजामाबाद, हैदराबाद नेहमी चाले.

"दौलत, तुझ्या त्या खुर्चीचं लई नाव झालं. लाभाची खुर्ची हाय. तुमी नवी मागवली म्हने, त हे आमच्या नातवाले द्या."

दौलतने बायकोकडे पाहिलं. ज्या माणसाने अडचणीत मदत केली, त्याला नाही कसं म्हणायचं? ताराबाई पुढे आल्या.

"उद्धवराव, हे नाई देता येत. हिचा अपघात झाला हाय."

"अपघात झाला अन् पोरगी वाचली, म्हूनच तर पाहिजे!"

"म्हूनच नाई पाहिजे. हिचं बळ त्या दिवशी खर्ची पडलं. तुमच्या नातवाले हिच्यात बसवून काई झालं, तर मी माझ्या पोरीकडं कोन्या तोंडानं पाहू?"

उद्धवरावांचा चेहरा बदलला. ओसरीत बसलेली चार माणसं माना वळवून बघू लागली.

"सरळ सांगा न बाई, आमाले द्यायचं मनात नाई. तुमच्या लेकराले चालते, आमच्या लेकराले नाई चालत?"

"माझं लेकरूही हिच्यात बसनार नाई."

"काय झालं हिले? दाखवा! कुठं मोडली? कुठं फुटली?" ते उठले. मला जमिनीवर सरळ ठेवलं आणि मी किती भक्कम आहे हे सगळ्यांना दाखवायला दोन्ही तळहात माझ्या पाठीवर टेकवून अंगाचा भार दिला. "हे पाहा! लोखंडावानी..."

माझ्या आत जे उललं होतं ते कडाड आवाज करून फाटलं. उद्धवराव पुढे तोल जाऊन पडता पडता वाचले. निळं कापड खेचून काढलं तेव्हा सगळ्यांना दिसलं. माझी पाठ आडवी चिरली होती, या काठापासून त्या काठापर्यंत.

उद्धवराव आपल्या हातांकडे बघत राहिले. म्हातारा माणूस, नुसत्या हातांचा भार. तिथे लेकरू असतं तर, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या सुनेने पोराला कडेवर आवळून धरलं. रुख्मिणी सासऱ्यासमोर कधी मान वर करून बोलत नसे असं म्हणतात. त्या दिवशी बोलली.

"मामाजी, बाईनं आपलं लेकरू वाचवलं. पाहिलं न? नवी मागवा. अन् गाडीले पट्टाही बसवा."

 मग उद्धवरावांनी ताराबाईंना हात जोडले. "मास्तरीनबाई, तुमच्या नंदेले सांगा. दोन पाठवाव म्हना."

ताराबाईंनी घरातून कात्री आणली आणि सगळ्यांच्या देखत माझे पट्टे कापले. एकेक करून. मला दुखलं नाही. कापलेले पट्टे पाहून मला उलट मोकळं वाटलं. आता मला कुणी फसवणुकीने सुद्धा वापरू शकणार नाही, असं मला वाटलं.

नव्या खुर्च्या यायला उन्हाळा लागला. एक भैंशाला गेली, एक आमच्या घरी. कादर मिस्त्रींनी उद्धवरावांच्या गाडीला पट्टा बसवला. या खेपेला "कायकू" विचारलं नाही, उलट स्वतःच पट्ट्याला लोंबकळून पाहिलं. पाठोपाठ डॉक्टरांची गाडी आली, मग आणखी एक. टॅक्सी स्टँडवरचे लोक आधी दौलतची थट्टा करायचे. आता भाड्याला लेकरूवाली माणसं आली की तेच सांगतात, "लेकराले पुढं मांडीवर नका घेऊ. मागं बसा."

आज सकाळी यशो नव्या खुर्चीत बसली आहे. अंबॅसिडर दारात सुरू आहे. त्याच इंद्रवेल्लीच्या रस्त्याने, मामाच्या घरी निघालेत सगळे. भीती नाही कुणाच्या तोंडावर. काल एक भंगारवाला मला मागत होता. म्हणाला, चिकटवून, नवे पट्टे आणि नवं कापड लावून बाजारात विकतो, कुणीतरी घेईल. बयनाबाईंनी ते ऐकलं. म्हणून आता त्या कुऱ्हाड घेऊन येताहेत. मोडलेला हात चांगला जुळलाय त्यांचा.

"माय, आल्यावर कर न ते," दौलत गाडीतून म्हणतोय.

"नाई. मी गेल्यावर कोनी उचलून नेली त? कोनाचं लेकरू बसवलं त?"

बयनाबाईंनी पदर खोचलाय. माझ्यासमोर उभ्या राहून त्या एक क्षण थांबल्यात. डोळे भरून आलेत त्यांचे.

नका थांबू, बयनाबाई. माझ्यासारखी कुणाच्या घरी असेल, आणि तिनेही असाच मार खाल्ला असेल, तर त्यांनाही हेच सांगा. तिला जपून ठेवू नका, कुणाला देऊ नका, मोडून टाका. मी एक लेकरू वाचवलं, आणि मोडून दुसरं वाचवते आहे. एवढं भाग्य किती खुर्च्यांना मिळतं?

मारा, माय. हात राखू नका.